जुन्या गाडीचे स्पीकर बदलताना वॅटच्या आधी काय बघायचं

पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, काँटेसा, पहिल्या पिढीची मारुती ८००. सांगली-सातारा पट्ट्यात या गाड्या अजून कितीतरी घरांच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभ्या दिसतात. त्यांचे मालक इंजिनाचं काम मन लावून करून घेतात, रंगाला महिना महिना देतात, कुशन नव्यानं शिवून घेतात आणि आवाजाच्या बाबतीत मात्र एका दुपारीत मोकळे होतात. टेप लावला की मागून खरखर येते म्हणून बाजार गाठायचा. दुकानदार मोठ्या अक्षरांत ‘४०० वॅट’ छापलेलं खोकं पुढं करतो, मिस्त्री मागच्या फळीला, म्हणजे मागच्या सीटमागं काचेखाली असते तिला, दोन भोकं पाडतो आणि घरी येईपर्यंत कळतं की आवाज पूर्वीपेक्षा बारीक झालाय. खरखर गेली, पण गाण्यातला जीवही गेला.

असं होण्याची कारणं अगदी उघड आहेत आणि शाळेत शिकलेला ओहमचा नियम आठवत असेल तर कुणालाही कळतील अशी आहेत. मला त्यातून सांगायचंय ते असं: जुन्या गाडीला दांडग्या वॅटचा स्पीकर लागत नाही, कमी ताकदीत मोकळा बोलणारा लागतो. ही गोष्ट पटली की कुठला घ्यायचा, कुठं बसवायचा आणि मुळात बदलायचा का, हे सगळं त्यामागून येतं.

या गाड्या नव्या होत्या तेव्हा रेडिओ बहुतेक वेळा वरून पैसे मोजून बसवून घ्यायची चीज होती. डॅशबोर्डमध्ये किंवा त्याच्याखाली एकच स्पीकर, आणि ऐकायचं ते मीडियम वेव्ह. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं, ते लागायचं १२५१ किलोहर्ट्झवर. मीडियम वेव्हला आपल्याकडे शेजारच्या दोन स्टेशनांत ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात, त्यामुळे आवाजाच्या वाट्याला साधारण साडेचार किलोहर्ट्झपर्यंतचाच पट्टा येतो. बातम्या, भाषण, गाण्यातले शब्द त्यात आरामात बसतात. टाळांची किणकिण बसत नाही. म्हणून त्या काळच्या एका कागदी कोनाच्या (कोन म्हणजे स्पीकरचा शंकूसारखा पडदा) स्पीकरला ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा वेगळा छोटा स्पीकर, नव्हता, आणि त्याची उणीवही कुणाला भासली नाही. एफएमवर हाच पट्टा १५ किलोहर्ट्झपर्यंत जातो. पुढं कॅसेटचे स्टीरिओ डेक आले आणि लोकांनी आपापल्या गावातल्या दुकानातून ते बसवून घेतले. कुणी दारात स्पीकर घातले, कुणी मागच्या फळीवर, कुणी सीटखाली. तेव्हा ‘पद्मिनीला कुठल्या मापाचा स्पीकर बसतो?’ याला एकच उत्तर नाही. तुमच्या गाडीत आधीच्या मालकाच्या मिस्त्रीनं जे भोक पाडलं, ते माप. जुना स्पीकर उतरवून भोकाचा व्यास, स्क्रूंमधलं अंतर आणि मागं किती खोल जागा आहे, हे तिन्ही कागदावर लिहून मगच दुकानात जा. साडेसहा इंची म्हणून मिळणाऱ्या स्पीकरला प्रत्यक्षात भोक पाच-सव्वापाच इंचांचं लागतं, त्यामुळे नुसता तोंडी साइज सांगून भागत नाही.

आता स्पीकर मरतो म्हणजे नेमकं काय होतं ते बघू. त्याच्या मध्यभागी तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते, तिला कॉइल म्हणतात. ती चुंबकाच्या गोल खाचेत लटकत असते आणि तिच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा असते ती पोस्टकार्डाच्या जाडीइतकी. टेपकडून करंट उलटसुलट वाहतो तशी कॉइल पुढं-मागं होते आणि तिला चिकटवलेला कोन हवा हलवतो. कोनाला दोन आधार असतात. आत, कॉइलजवळ, चुण्या घातलेला कापडी डॅम्पर, आणि बाहेर फ्रेमला चिकटलेला मऊ काठ. हे दोन्ही धड असतील तोवर कॉइल खाचेच्या बरोबर मधोमध राहते.

पहिला जातो तो काठ, आणि तोही फोमचा असेल तर. हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला ओलावा त्याची रासायनिक बांधणी हळूहळू तोडतो आणि मागच्या काचेतून येणारं ऊन त्यात भर घालतं. पंधरा-वीस वर्षांच्या स्पीकरची जाळी काढून काठावर बोट फिरवून बघा. काळपट, चिकट भुगा बोटाला लागतो. जरा दाबलं तर इंचभर तुकडा निघून हातात येतो आणि खाली फ्रेमची पत्र्याची कड दिसते. काठ असा सुटला की कोन एका बाजूला कलतो, कॉइल खाचेच्या भिंतीला घासते आणि खरखर सुरू होते. गंमत अशी की १९६०-७० च्या दशकातल्या स्पीकरचा काठ कापडाचा किंवा कोनाच्याच कागदाला चुण्या पाडून केलेला असायचा, आणि तो पुष्कळदा १९९० च्या फोमवाल्या स्पीकरपेक्षा चांगल्या अवस्थेत सापडतो. म्हणून वय बघून स्पीकर फेकू नये.

आमच्या सांगलीत एक वेगळी गोष्ट सांगावी लागते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाण्याखाली गेलेल्या गाड्या आजही विक्रीला येतात, काही अगदी झकास रंगवलेल्या. कृष्णेचा गाळ एकदा चुंबकाच्या खाचेत शिरला की तो पुन्हा निघत नाही, कारण त्यातले लोहकण चुंबकालाच चिकटून बसतात आणि खाचेच्या आतला लोखंडी भाग गंजून फुगतो. असा स्पीकर धुऊन वाळवून चालेल या आशेवर वेळ घालवू नका. उलट जुन्या गाडीच्या दारातला स्पीकर उतरवल्यावर चुंबकाभोवती बारीक पिवळसर माती दिसली, तर गाडी विकणाऱ्याला दोन प्रश्न जास्तीचे विचारा.

खरखर आली म्हणून दोष स्पीकरचाच असतो असंही नाही. आधी वायर बघायची. दारातल्या स्पीकरची वायर बिजागरीपाशी रोज दुमडते आणि आतून तुटते, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं. दार उघडताना-लावताना आवाज येत-जात असेल तर नव्वद टक्के तिथंच गोम आहे. मग टेपच्या मागं डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरा एकमेकींच्या जागी लावा. खरखर डावीकडून उजवीकडे सरकली तर दोष टेपमध्ये आहे. जिथल्या तिथंच राहिली तर स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरीत.

स्पीकर हातात घेतल्यावर तीन साध्या परीक्षा पुरतात. दोन्ही अंगठे कोनावर समोरासमोर ठेवून अगदी हलके दाबा. आत कुठं काही घासल्यासारखं लागलं तर कॉइल जागेवरून हललेली आहे. मल्टिमीटर ओहमवर लावा, म्हणजे करंटला किती अडथळा होतो ते कळतं. ४ ओहमचा स्पीकर तीन ते चारच्या मध्ये काहीतरी दाखवतो, ८ ओहमचा सहा-सातच्या आसपास. काहीच दाखवलं नाही तर कॉइल किंवा तिच्याकडे जाणारी वेणीची तार तुटलीय. वेणीची तार तुटली असेल तर सोल्डर मारून काम भागतं. तिसरी परीक्षा पेन्सिल सेलची. सेलची प्लस बाजू स्पीकरच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवा. ‘टक’ असा आवाज येऊन कोन बाहेरच्या बाजूला उडी मारतो. आत गेला तर खुणा उलट्या आहेत. ही परीक्षा लक्षात ठेवा, पुढं पुन्हा लागणार आहे.

इथं एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती न कळल्यामुळे कित्येक चांगले स्पीकर भंगारात जातात. जुन्या रेडिओत आणि बऱ्याच जुन्या कॅसेट डेकमध्ये आवाज स्पीकरपर्यंत एका मोठ्या कंडेन्सरमधून येतो. बहुधा तो १००० मायक्रोफॅरडचा असतो. या कंडेन्सरचा आणि स्पीकरच्या ओहमचा मिळून एक उंबरा ठरतो, त्याच्या खालचे सूर पुढं जाताना पडत जातात. ४ ओहमच्या स्पीकरला १००० मायक्रोफॅरड असेल तर उंबरा येतो ४० हर्ट्झवर, म्हणजे तबल्याचा डग्गा, ढोलकीची धुम सगळं सहीसलामत. पण कंडेन्सरमधलं रसायन वर्षांनी सुकतं. सुकून तो १०० मायक्रोफॅरडवर आला तर उंबरा जातो ४०० हर्ट्झवर. डग्गा गेला, पुरुषाच्या आवाजातला भरणा गेला, उरला तो पत्र्याच्या डब्यातला आवाज. स्पीकर कितीही भारी आणा, तो तसाच राहणार. हा कंडेन्सर स्वस्तातला आहे आणि रेडिओ दुरुस्त करणारा कुठलाही जुना जाणकार तो बदलून देतो. म्हणून माझा आग्रह असतो की आधी टेप तपासा, मग स्पीकरला हात लावा. दोष टेपचा की स्पीकरचा ते कानाला कळत नसेल तर घरातला एखादा चांगला स्पीकर वायरीनं जोडून बघितला तरी पाच मिनिटांत निकाल लागतो.

आता वॅट. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असताना १४.४ पर्यंत जाते. जुन्या पद्धतीच्या टेपमध्ये आवाजाची लाट या १४.४ च्या मधोमध उभी राहते, म्हणजे वर ७.२ आणि खाली ७.२. अशा लाटेचं परिणामी मूल्य साधारण ५.१ व्होल्ट. त्याचा वर्ग २६, भागिले ४ ओहम, झाले साडेसहा वॅट. आतली गळती धरली की एका बाजूला पाच वॅट हातात पडतात. आजच्या सेटमध्ये एका स्पीकरला दोन अ‍ॅम्प्लिफायर दोन टोकांनी चालवतात, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. त्यामुळे लाटेला पूर्ण १४.४ व्होल्टची मुभा मिळते आणि तोच हिशेब २६ वॅटवर जातो, प्रत्यक्षात वीसच्या आसपास. मग सेटवर ‘५० वॅट × ४’ कुठून येतं? १४.४ चा वर्ग भागिले ४ करून बघा: ५१.८. म्हणजे लाटेची गोलाई पूर्ण चिरडून तिचा चौकोन झाला, आवाज फाटून गेला, तेव्हा मिळणारा तो आकडा. ऐकण्याजोग्या आवाजाचा त्याच्याशी संबंध नाही. स्पीकरच्या खोक्यावरचा ४०० वॅट तर त्याहून पलीकडचा. स्पीकर क्षणभर किती सोसेल, याचा तो दावा आहे. तो किती आवाज देईल हे त्यातून मुळीच कळत नाही. खोक्यावर बारीक अक्षरांत ‘आरएमएस’ लिहिलेला आकडा शोधा, सततचा भार त्यावरून कळतो.

आवाज किती मिळेल हे ठरतं संवेदनशीलतेवर. एक वॅट दिला आणि एक मीटरवर बसलं तर किती डेसिबल, असा तो आकडा असतो. साधारण ८६ ते ९३ च्या दरम्यान. फरक किरकोळ वाटतो, पण दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट लागतात. ८६ चा स्पीकर २० वॅटवर जेवढा बोलेल, तेवढा ९२ चा स्पीकर ५ वॅटवर बोलतो. तुमच्या जुन्या टेपकडे आहेतच पाच. दांडग्या वॅटच्या स्पीकरची कॉइल जाड, कोन जड, काठ कडक, आणि हे सगळं हलवायला मोठा अ‍ॅम्प्लिफायर गृहीत धरलेला. म्हणून ‘४०० वॅट’ बसवल्यावर आवाज बारीक होतो. माणूस मग व्हॉल्यूम पिरगळतो, टेपचा आवाज फाटतो, लाटेचा चौकोन होतो आणि त्यात वरच्या सुरांचा भार वाढून आधी ट्वीटर जळतो. स्पीकर घेताना ९० किंवा त्याहून वरचा आकडा बघा. एक चलाखी मात्र ओळखा: काही कंपन्या हा आकडा एक वॅटऐवजी २.८३ व्होल्टला मोजतात. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॅट होतात, त्यामुळे आकडा फुकटात ३ नं फुगतो. त्यातून ३ वजा करून मगच तुलना करा.

ओहमची बाब थोडक्यात. गाडीचे आजचे बहुतेक स्पीकर ४ ओहमचे असतात. जुन्या रेडिओच्या पाठीवर ८ ओहम लिहिलं असेल आणि तुम्ही ४ चा जोडला, तर त्याच्या ट्रान्झिस्टरमधून दुप्पट करंट जाईल आणि ते तापून जातील. अशा वेळी ४-४ चे दोन एकामागे एक जोडले की ८ होतात. उलट टेपच्या एकाच वाटेवर, म्हणजे डाव्या किंवा उजव्या चॅनेलवर, ४-४ चे दोन शेजारी-शेजारी जोडले तर २ होतात, ते कधीच करू नका. डॅशबोर्डमध्ये एकच जागा आहे आणि ऐकायचं स्टीरिओ, तर एकाच कोनावर दोन स्वतंत्र कॉइल असलेला स्पीकर मिळतो. एका कॉइलला डावी वाट, दुसरीला उजवी. डाव्या-उजव्या वायरा एकत्र पिळून एका स्पीकरला देणं म्हणजे दोन्ही बाजूंचे अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांवर सोडणं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते वायरिंगमध्ये. जुन्या टेपमध्ये स्पीकरची मायनस वायर बॉडीला म्हणजे अर्थला जोडायची पद्धत होती. एकच प्लस वायर मागं न्यायची, मायनस तिथंच पत्र्याला स्क्रूखाली धरायची. वायर वाचायची, काम चालायचं. पण नव्या सेटच्या दोन्ही वायरांवर बॉडीच्या हिशेबानं सहा-सात व्होल्ट सतत असतात. त्यातली एक पत्र्याला टेकली की सेट एक तर आवाज बंद करून बसतो किंवा कायमचा जातो. म्हणून नवा सेट लावण्याआधी जुना टेप सोडवा, मीटर बीपवर लावा, एक टोक स्पीकरच्या मायनस वायरला आणि दुसरं स्वच्छ खरवडलेल्या पत्र्याला. बीप वाजला तर ती वायर बॉडीला आहे. अशा वेळी जुन्या वायरी तशाच ठेवून प्रत्येक स्पीकरला दोन-दोन नव्या वायरी ओढा. एक चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची पुरते. पत्र्यातून जाताना प्रत्येक भोकात रबरी बुश घाला. बुश न घालता ओढलेली वायर पत्र्याच्या धारेवर वर्षभरात सोलली जाते.

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत बॅटरीची प्लस बाजू बॉडीला असे. तशी गाडी असेल तर आजचा कुठलाही सेट तिला थेट लावायचा नाही, कारण सेटचा लोखंडी सांगाडा मायनसला असतो आणि डॅशबोर्डला टेकताक्षणी शॉर्ट होतो. आधी बॅटरीची कुठली वायर बॉडीला गेलीय ते डोळ्यांनी बघा. आणि गाडीत अल्टरनेटरऐवजी डायनामो असेल तर सीटखाली मोठा अ‍ॅम्प्लिफायर बसवायचा मोह टाळा. इंजिन मंद चालत असताना डायनामो जवळपास काहीच देत नाही, सगळा भार बॅटरीवर येतो. हेडलाइट लावून टोलनाक्यावर रांगेत उभं राहिलं की गाणं चालू असतानाच स्टार्टर रुसतो.

बसवण्याच्या जागेवर निम्मा आवाज अवलंबून आहे असं मी म्हणेन. नवा स्पीकर नुसता हातात धरून वाजवून बघा: बेस नावालाही नाही. आता जाड प्लायच्या तुकड्याला भोक पाडून त्यावर ठेवा, लगेच आवाज भरतो. कोन पुढं जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. कडेनं वाट मिळाली की दाबलेली हवा मागं पळते आणि खालचे सूर तिथल्या तिथं विरतात. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते, तिला स्पीकरला वळसा घालणं अवघड नाही. म्हणून पुढची आणि मागची हवा वेगळी ठेवणं हेच सगळं काम. या बाबतीत जुन्या सेडान गाड्या नशीबवान आहेत, मागची डिक्की हा आयता मोठा खोका आहे. मागच्या फळीवर सहा बाय नऊचे लांबट स्पीकर घातले आणि फळी व सीटची पाठ यांमधली फट फोमपट्टीनं बुजवली, की पाच वॅटच्या टेपलाही डग्गा फुटतो.

पण मूळ फळी असते हार्डबोर्डची. जड चुंबकाचा स्पीकर तिला थेट लावला तर यवतेश्वरच्या घाटात चार वळणांत ती थडथडायला लागते. तिच्या मापाची १२ मिलिमीटरची वॉटरप्रूफ प्लाय कापून घ्या, स्पीकर तिला लावा आणि वर मूळ फळी किंवा त्याच रंगाचं रेग्झिन. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, स्वस्त पडतो, पण ओल लागली की बिस्किटासारखा फुगतो. आणि ओल लागतेच, कारण जुन्या गाडीत मागच्या काचेचं रबर कडक झालेलं असतं. स्पीकर बसवण्याआधी काचेवर पाच मिनिटं नळी धरा आणि डिक्कीतून वर बघा. फळीच्या कोपऱ्यात थेंब दिसला तर आधी रबर.

दारांबद्दल माझं मत ठाम आहे: दाराचा पत्रा कापू नका. एक तर तो परत येत नाही. २०२१ साली केंद्रानं मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली, तिला व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो. गाडी मूळ रूपात असावी ही तिथली अट आहे. तुमची गाडी आज चाळिशीत असली तरी दहा वर्षांनी तुम्ही किंवा तुमची मुलं त्या रांगेत उभी राहू शकतात. दुसरं कारण पाणी. पाऊस काचेवरून ओघळून दाराच्या आतूनच खाली जातो आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतो, दाराची रचनाच तशी आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथं कागदी कोनाचा स्पीकर दारात घालणं म्हणजे तो भिजत घालणंच. आधीच्या मालकानं भोक पाडूनच ठेवलं असेल तर पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकचा कोन आणि रबरी काठ असलेला स्पीकर घ्या, वरून प्लास्टिकचं छप्पर लावा आणि काच पूर्ण खाली घेऊन चुंबकाला लागत नाही ना ते बघा. पुढच्या बाजूला आवाज हवाच असेल तर पायाशी, दाराच्या बिजागरीपुढच्या कोपऱ्यात प्लायची छोटी पेटी करून रेग्झिननं मढवता येते. तिथून दोन्ही स्पीकरचं कानापासूनचं अंतर जवळपास सारखं पडतं, त्यामुळे गाणं समोर उभं राहिल्यासारखं वाटतं. कुशनवाला ही पेटी सीटच्या रंगाशी जुळवून देतो आणि एकही स्क्रू बाहेरच्या पत्र्याला लागत नाही.

जुना स्पीकर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? काठच गेला असेल आणि कॉइल धड असेल तर मी दुरुस्तीच्या बाजूनं. गणेश मंडळांचे, जत्रांचे साऊंडवाले ज्यांच्याकडून कोन बदलून घेतात ते कारागीर सांगली, मिरज, साताऱ्यात आहेत आणि लहान स्पीकरही करतात. काठ चिकटवताना कॉइलभोवती पातळ फिल्मच्या पट्ट्या सरकवाव्या लागतात, म्हणजे सरस वाळेपर्यंत ती मधोमध राहते. जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या पट्ट्या यासाठी उत्तम. कारागिराला सांगा, ‘मामा, फोम नको, कापडी नाहीतर रबरी काठ लावा.’ कॉइल जळलेली असेल, खाचेत गंज असेल, तर नवा घ्या आणि जुन्याची सुंदर जाळी नव्यावर बसवा.

सगळं जोडून झालं की पेन्सिल सेलची परीक्षा पुन्हा. टेपच्या बाजूच्या टोकांना सेल टेकवा आणि दुसऱ्या माणसाला कोन बघायला सांगा. सगळे कोन एकाच दिशेला उडाले पाहिजेत. एक आत आणि एक बाहेर गेला तर दोघांचे खालचे सूर एकमेकांना खातात आणि माणूस विनाकारण नव्या स्पीकरला नावं ठेवतो.

कानानं तपासायला आपल्याकडे मिरजेचा तंबोरा आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधी कित्येक पिढ्या तिथल्या कारागिरांनी जवारी लावून (तारेखालची घोडी घासून तिचा झंकार जुळवून) देशभरच्या गवयांना तंबोरे दिलेत. नुसत्या तंबोऱ्याचं चांगलं रेकॉर्डिंग हळू आवाजात लावा. खर्जाची तार लागली की तिच्यातून वर वर चढणारे सूर एकेक करून उलगडले पाहिजेत. ते बोथट वाटले तर ट्वीटर मेलाय किंवा जोडलेलाच नाही. खर्ज भुसभुशीत वाटला तर फळीच्या फटी बघा. डावीकडचा आणि उजवीकडचा तंबोरा एकाच जातीचा वाटला पाहिजे.

महिनाभर गाडी फिरली की प्लाय जरा दबते आणि स्क्रू सैल पडतात, ते एकदा आवळून घ्या. त्यानंतरही कुठं थरथर आली तर मोबाइलवरून ४० ते २०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जाणारा सूर सोडा आणि तो चालू असताना फळी, जाळी, मागच्या काचेची पट्टी, नंबरप्लेट, डिक्कीतलं टूलकिट यांवर एकेक करून हात ठेवत जा. हात ठेवल्यावर जिथं थरथर थांबते, तिथं फोमची पट्टी लावा.